काकडीला बांधलेली चिंधी

मागच्या दारी मांडवावर काकडीचे सहा वेल पसरलेले असताना ज्या दिवशी नवरा बाजारातून काकड्या विकत घेऊन आला, त्या दिवशी तरी त्या घरात कोणीतरी कोणाला तरी काहीतरी विचारायला हवं होतं. पण नाही. नवऱ्याने पिशवी ओट्यावर ठेवली. सासऱ्यांनी पिशवीत डोकावून घसा खाकरला. सूनबाईने काकड्या धुतल्या, चिरल्या, मीठ लावून बशीत मांडल्या, आणि तिघांनी खाली माना घालून त्या खाल्ल्या. कडूजहर होत्या.

"बऱ्या आहेत," सासरे म्हणाले.

"ताज्या आहेत," नवरा म्हणाला.

सूनबाई काहीच म्हणाली नाही, कारण न बोलण्याचं तिने वचन दिलं होतं.

ते वचन घेतलं होतं सासूबाईंनी, दोन महिन्यांपूर्वी, लेकीच्या बाळंतपणाला निघताना. बॅग दारात होती, रिक्षा गेटाशी होती, आणि सासूबाईंनी सूनबाईला स्वयंपाकघरात फ्रिजच्या आड ओढलं होतं. "हे बघ, बागेकडे लक्ष तू ठेवायचंस. यांच्याने काही व्हायचं नाही. पण यांना वाटू दे की तेच सगळं बघतायत, नाहीतर फुगून बसतील. तेव्हा बागेतलं काही विचारू नकोस, काही सांगू नकोस. नुसतं सांभाळ. आणि चिंधीच्या काकडीला जप."

सूनबाईने मान डोलावली, आणि रिक्षा वळायच्या आत ती मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

कारण या बागेत तिला हात लावायची परवानगी नव्हती. लग्न होऊन आली त्या वर्षी, पहिल्याच महिन्यात, सासूबाईंना खूश करावं म्हणून तिने भल्या पहाटे उठून वाफ्यातलं गवत उपटून लख्ख केलं होतं. ते गवत नव्हतं. ती काकडीची रोपं होती. सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त "असू दे" म्हणाल्या, आणि पुढची सहा वर्षं ते "असू दे"च चालू राहिलं. आई, पाणी घालू का? असू दे. आई, शेंगा तोडून आणू? असू दे, मी आणते. घरात बाकी सगळं तिच्या हाती होतं. डबे, कपाटं, पाहुणे, दोन पोरी. फक्त मागच्या दाराच्या उंबऱ्यापलीकडे ती पाहुणी होती.

या दोन महिन्यांत मात्र तिला बाग मिळाली होती. बाग म्हणजे तरी किती? भिंतीलगत टोमॅटोची एक ओळ, वांग्याची चार झाडं, मिरच्या, दोन सूर्यफुलं आणि काकडीचा मांडव. पण घरातल्या पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन होतं, आणि त्या मशीनपाशी सकाळपासून कोणी ना कोणी हातात पँट घेऊन उभं असायचं. कोणाची लांबी कमी करायची, कोणाची कंबर सोडायची. थोरली पाच वर्षांची होती. आईच्या डब्यातली बटणं खिशात घालून हिंडायची म्हणून तिला सगळे बटण म्हणत. धाकटी दहा महिन्यांची होती, तिला भोंगा म्हणत. त्याला कारण सांगायची गरज पडत नसे. या सगळ्यातून सकाळी सव्वासहा ते साडेसहा ही पंधरा मिनिटं सूनबाईची एकटीची होती. पाइप हातात, पाय ओल्या मातीत, आणि कोणी काही मागत नाही. टोमॅटो काही मागत नाहीत. नुसते लाल होतात.

चिंधीची काकडी जगली, तर ही पंधरा मिनिटं सासूबाई परत आल्यावरही आपल्याकडे राहतील, असं तिने मनाशी धरलं होतं. नाही जगली, तर जन्मभर असू दे.

आता ही चिंधी म्हणजे काय, तर बियाणाची खूण. उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्यांच्या काकड्या कडू होतात, पण सासूबाईंच्या होत नाहीत. त्याचं गुपित एवढंच, की दरवर्षी त्या सहाही वेलांची पहिली काकडी परीक्षकासारखं उभं राहून चाखतात, जो वेल अजिबात कडू नाही त्याच्यावर एक काकडी ठेवून देतात, आणि देठाला चिंधी बांधतात. मग तिला कोणी हात लावायचा नाही. ती पिकते, पिवळी होते, बेडौल होते, आणि उन्हाळा संपला की सासूबाई ती फोडून बी काढतात. जाण्याच्या आदल्या संध्याकाळीही त्यांनी अशी एक निळी चिंधी बांधली होती.

एक.

दुसऱ्या आठवड्यात सूनबाईला दोन दिसल्या. तिला वाटलं, बाबांनी बांधली असेल. जास्तीचं बियाणं हाताशी असावं म्हणून. सासरे मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते, हातचं राखून चालायची त्यांना सवय. नंतर पाच झाल्या. नंतर नऊ. तिने वचन पाळलं. ज्या काकडीला चिंधी, तिला हात लावायचा नाही. आणि हात लावायला बिनचिंधीची काकडी उरेनाशी झाली. शाळा उघडायचे दिवस जवळ आलेले, गणवेशांची कामं उरकता उरकत नव्हती, मशीनखालच्या पिशवीत निळ्या कापडाच्या कातरणीचा डोंगर झाला होता. त्यातली एखादी पट्टी कमी झाली काय आणि वीस झाल्या काय, तिला कळणार कसं?

उन्हाळा उतरणीला लागला. सूर्यफुलांनी माना टाकल्या, टोमॅटोची पानं कडेने करपली, आणि मांडवाखाली पिवळ्याधमक, गलेलठ्ठ काकड्या गळ्यात निळे पट्टे घालून लोंबकळू लागल्या.

शुक्रवारी सकाळी शेजारची नर्सबाई रात्रपाळीहून परतताना भिंतीपाशी थांबली.

"अगं ए, हे काय चाललंय? आमच्या वॉर्डात एवढी ड्रेसिंगं नसतात!"

"बाबांचं काम आहे," सूनबाई हळूच म्हणाली. "बियाणासाठी."

"बाबांचं? परवा मी त्यांना विचारलं तर म्हणाले, सूनबाईचं खातं आहे, मी त्यात बोलत नाही."

सूनबाईच्या हातातला पाइप तसाच राहिला. तिच्या चपला भरून पाणी वाहिलं तेव्हा कुठे तिने नळ बंद केला.

आत आली तर फोन वाजत होता. सासूबाई. "रविवारी सकाळच्या गाडीने येतेय गं. माझी चिंधीची कशी आहे?"

फोन स्पीकरवर होता. "छान!" सूनबाई म्हणाली. "उत्तम!" पेपरामागून सासरे म्हणाले. "एकदम मस्त, आई!" दाढी करता करता नवरा ओरडला.

फोन ठेवला आणि तिघं एकमेकांकडे बघत राहिले.

"बाबा," सूनबाईने वचन मोडलं, "त्या चिंध्या तुम्ही बांधल्यात ना?"

"मी?" सासऱ्यांनी चष्मा काढला. "मी कशाला बांधेन? कापड तुझ्या पिशवीतलं आहे! मला वाटलं, तुझी काही पद्धत असेल."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

सासरे अवघडले. "मला बोलायची बंदी होती. जाताना ही मला अंगणात घेऊन गेली आणि म्हणाली, लक्ष तुम्हीच ठेवा, पोरीचं पहिल्या वर्षीचं माहीत आहे ना तुम्हाला? पण तिला वाटू दे की तीच सगळं बघतेय."

"काय?" सूनबाई म्हणाली.

"काय?" नवराही म्हणाला. साबणाने अर्धं तोंड पांढरं. "मला तर स्टेशनवर म्हणाली, त्या दोघांच्या भरवशावर राहू नकोस, खरी जबाबदारी तुझी! पण दोघांना कळू देऊ नकोस!"

कुकरची शिट्टी झाली. कोणी हललं नाही.

"मग बांधल्या कोणी?" सासरे म्हणाले.

टेबलाखालून आवाज आला, "मी."

बटण तिथे बसून आजोबांच्या चपलेत बटणं भरत होती. तिला बाहेर काढून खुर्चीवर उभं केलं. रागवायचं असं तिघांनीही ठरवलं होतं, पण सुरुवात कोण करणार, यावर एकमत होईना.

"का गं राणी?" शेवटी सूनबाई म्हणाली.

"आजीने एकीलाच बांधली," बटण म्हणाली. "बाकीच्या नुसत्या बघत होत्या."

"अगं, पण..."

"तूच म्हणतेस. एकीला दिलं की सगळ्यांना द्यायचं. भोंग्याला दिलं की मला, आणि मला दिलं की भोंग्याला."

वाक्य सूनबाईचंच होतं. दिवसातून आठ वेळा ती हेच म्हणत असे. आपलं एक तरी वाक्य या घरात कोणीतरी ऐकतं, याचं तिला मनातून बरंही वाटलं. पण ते त्या वेळी तोंडावर दाखवण्यासारखं नव्हतं.

"काही हरकत नाही," नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि मध्येच अडकलेल्या माणसांशी ज्या आवाजात बोलायचा तोच आवाज त्याने लावला. "सोपं आहे. आईची गाठ कशी असते? घट्ट, दोन वेढ्यांची. बटणची असणार ढिली. गाठी बघू, आईची ओळखू."

सासऱ्यांनी घसा खाकरला.

"बाबा?"

"गाठी मी बदलल्या," सासरे म्हणाले. "ढिल्या होत्या काही. वाऱ्याने सुटतील म्हणून सगळ्यांना मोजणीच्या दोरीची पक्की गाठ मारली. तुला वाईट वाटू नये म्हणून तू दुपारी झोपल्यावर मारायचो."

"मी दुपारी झोपत नाही, बाबा. भोंग्याला झोपवते."

"तेच ते."

"आणि मी..." नवऱ्याचा आवाज जरा खाली आला. "देठ जाड झाले तसा फास बसायला लागला होता. मी सगळ्या चिंध्या कापून नव्या सैल बांधल्या. दोनदा."

म्हणजे सासूबाईंची मूळ चिंधी केव्हाच कचऱ्यात गेली होती. तिघांनी डोळ्यांत तेल घालून बाग राखली होती, आणि राखता राखता जी राखायची होती तीच हरवली होती. सासऱ्यांनी मग आणखी एक गोष्ट कबूल केली. सूनबाईची हरवलेली मापाची टेप त्यांच्याकडे होती. ते रोज सकाळी काकड्यांचा घेर घेऊन वहीत टिपत होते. वही आणली. सगळे आशेने वाकले. नोंदी चौथ्या आठवड्यापासून होत्या, आणि चौथ्या आठवड्यात चिंध्या अकरा होत्या. आज मोजल्या तर तेवीस भरल्या. वेल एकमेकांत असे गुंतले होते, की कुठली काकडी कुठल्या वेलाची हे वेलांनाही सांगता आलं नसतं.

"सगळ्यात मोठी ठेवू," नवरा म्हणाला. "बाकीच्यांच्या सोडू. आईला काय कळणार आहे?"

सासरे इतक्या चटकन "हो" म्हणाले, की हा विचार त्यांनी आधीच करून ठेवला होता हे उघड दिसलं.

सूनबाई "हो" म्हणाली नाही, पण शनिवारी संध्याकाळी कात्री तीच घेऊन गेली. बावीस चिंध्या कापल्या. कोपऱ्यातली, घेराने पहिल्या नंबरची काकडी तेवढी तिच्या चिंधीसकट लटकत राहिली. बटण मागे मागे फिरत पडलेल्या पट्ट्या गोळा करत होती. तिने रडायला हवं होतं. ती रडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग आता यांचं काय?" आणि सूनबाईला भाजी बघायची होती, ती आत गेली.

रविवारी सासूबाई आल्या. दारातच भोंग्याला कडेवर घेतलं, बटणचा मुका घेतला, नातू कसा दिसतो ते उभ्या उभ्या सांगितलं, नवरा वाळलाय आणि सासरे सुटलेत हेही सांगितलं, आणि चहाकडे न बघता चप्पल न काढता थेट मागच्या दारी. मागून तिघं, लिफ्टमध्ये उभे राहावेत तसे, समोर बघत.

त्या चिंधीच्या काकडीपाशी थांबल्या. अंगठ्याने दाबून पाहिली. वर बघितलं, खाली बघितलं. बिनचिंधीच्या बावीस पिवळ्या काकड्याही त्यांच्या नजरेतून सुटल्या नसणार.

"हीच ना?"

"हो," दोन्ही पुरुष म्हणाले.

"छान." सासूबाई सूनबाईकडे वळल्या. "छान जपलीस गं. आता असं कर, पुढच्या वर्षीपासून हा वाफा तूच बघ. माझे गुडघेही आता ऐकत नाहीत."

नवऱ्याने मागून सूनबाईला कोपर मारलं. सासऱ्यांनी आभाळाकडे बघून श्वास सोडला. "चहा गार होतोय," म्हणत दोघं इतक्या लगबगीने आत गेले, की दारात एकमेकांवर आदळले.

सहा वर्षं जे ऐकायची वाट पाहिली, ते सूनबाईने ऐकलं होतं. एक शब्दही बोलायची गरज नव्हती. मान खाली घालून हसायचं, बस्स. तिने हसून पाहिलं. पण तिला पुढचा उन्हाळा दिसला. ती पाइप घेऊन उभी, मांडवभर काकड्या, आणि एकेक कडू. आणि त्या कडू काकड्या खाऊन सासूबाई "असू दे" म्हणताहेत. शेजारी बटण उभी होती, बावीस पट्ट्यांचा बोळा मुठीत धरून.

"आई, ही ती नाही," ती म्हणाली. "म्हणजे असेलही. पण मला माहीत नाही." आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. बटणच्या चिंध्या, बाबांच्या गाठी, नवऱ्याचे सैल फास, घेराची वही, कालची कात्री. सांगताना कोणाला वाचवायचं तिला सुचलं नाही. स्वतःला तर नाहीच. "तुम्ही प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलंत ना, म्हणून कोणी कोणाशी बोललंच नाही," हेही तोंडातून निघून गेलं, आणि मग तिने जीभ चावली.

सासूबाई भोंग्याला घेऊन उपड्या बादलीवर बसल्या. सूनबाई "असू दे"ची वाट बघत उभी राहिली.

"मलाही माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"दाराशी कोणी आहे का बघ आधी."

कोणी नव्हतं. तरी सासूबाईंनी आवाज खाली आणला.

"मला कडू लागतच नाही गं आता. थंडीत तो खोकला झाला होता ना, तेव्हा ते डॉक्टरांचं कडू औषध. हे एक चमचा घेऊन घरभर नाचले होते. मी सरबतासारखं प्यायले. तेव्हाच शंका आली. यंदा सहाही वेल चाखले, सहाच्या सहा गोड! असं कधी झालंय? दरवर्षी दोन तरी बिनसतातच. पुन्हा चाखले. पुन्हा गोड."

"मग चिंधी?"

"समोर होती तिला बांधली."

सूनबाईच्या तोंडून हसू फुटलं ते तिने हाताने दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून आलं. दोन महिने तीन माणसं! वचनं, वही, दुपारच्या गाठी! सासूबाईंनी आधी डोळे वटारले, मग त्यांचेही खांदे हलायला लागले, आणि त्यांच्या मांडीवरचा भोंगा वरखाली होऊ लागला.

"मग कोणाला सांगितलं का नाहीत, आई?"

"कोणाला सांगू? यांना? टेप घेऊन माझी जीभ मोजत बसले असते. आणि तुला सांगायचं तर..." त्या थांबल्या. पदरा-ओच्याला हात पुसावा तसा त्यांनी उगीच भोंग्याच्या झबल्याला हात पुसला. "तुला सहा वर्षं हात लावू दिला नाही. आता जीभ गेली म्हणून बोलवायचं, बरं दिसतं का ते?"

सूनबाई त्यांच्या झबल्यावरच्या हाताकडे बघत राहिली.

"बघत काय राहिलीस?" सासूबाई नेहमीच्या आवाजावर आल्या. "सुरी आण. आणि तांब्याभर पाणी, चूळ भरायला."

सूनबाईने सुरी आणली. तेवीस काकड्या उतरवून ओळीने भिंतीशी मांडल्या. सासूबाईंनी पहिलीचं देठाकडचं टोक कापलं आणि एक फोड पुढे केली. पिकलेली काकडी आधीच आंबट, त्यात हे देठाकडचं. सूनबाईने डोळे मिटून चावली.

सासूबाई काकडीकडे बघत नव्हत्या. सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या, दूध उतू जाईल का म्हणून पातेल्याकडे बघावं तशा.

"कडू," त्याच म्हणाल्या. "थुंक. पुढची."

दुसरी कडू. तिसरी आंबट, आणि मग मागाहून कडू. "मला पण," बटण म्हणाली, आणि एक फोड खाऊन इतकी थरथरली की तिच्या मुठीतल्या पट्ट्या उधळल्या. पुढे तिने फक्त थुंकायचं काम तेवढं आवडीने केलं. चौथी, पाचवी. "आई, हिरवट वाटतेय." "हिरवट चालत नाही, पुढची." भोंग्याने एका काकडीत दोन दात रोवले आणि तोंड वेडंवाकडं केलं. सासूबाई म्हणाल्या, हिची जीभ तयार होतेय.

"चहा!" आतून नवऱ्याने हाक मारली. "चहा परत गरम केलाय!"

"असू दे!" दोघी एकदमच म्हणाल्या.

दहावी. सूनबाईने फोड तोंडात टाकली आणि चावायची थांबली. मग सावकाश चावली. आंबट होतीच. तिने कडवटपणाची वाट पाहिली. मागाहून येतो तो, जिभेच्या मागच्या अंगाने. तिने सुरी स्वतःच हातात घेतली, देठाच्या अगदी मुळाशी, जिथे सगळ्यात जास्त असतो, तिथली आणखी एक फोड कापली आणि डोळे मिटून खाल्ली.

"काय?" सासूबाई पुढे वाकल्या. "कडू आहे? तोंड तर नाही केलंस. काय गं, सांग की! गोड आहे?"

"थांबा हो जरा, आई," सूनबाई म्हणाली. "मला नीट बघू द्या."

आणि सासूबाई थांबल्या.